हौशी रेडिओ परवान्याचा अभ्यास: क्रम, तयारी आणि गुण जातात त्या जागा

छंद म्हणून रेडिओवरून संपर्क साधण्याच्या परवान्याच्या या परीक्षेचा अभ्यास बहुतेक जण चुकीच्या टोकाकडून सुरू करतात. आधी प्रश्नसंच मिळवायचा, उत्तरे पाठ करायची, नियमांचे प्रकरण शेवटच्या आठवड्यासाठी ठेवायचे आणि मोर्स संकेतलिपी लागत असेल तर तिचा तक्ता भिंतीवर लावून टिंब-रेघा डोळ्यांनी घोकायच्या. प्रश्नातला एखादा आकडा बदलला की पाठांतर कोसळते. नियमांत बारकावे चुकतात. मोर्स तर कानाने शिकायची गोष्ट, ती डोळ्यांनी शिकल्यावर परत पुसून काढावी लागते.

खाली दिलेला क्रम रोज साधारण एक तास आणि बारा आठवडे धरून आखला आहे. शाळेतले विद्युतशास्त्र ताजे असेल तर तिसरा टप्पा लवकर संपेल. बाकीचे टप्पे मात्र आखडते घेऊ नका.

## टप्पा १: आधी अभ्यासक्रम, मग पुस्तक

परवाना देणाऱ्या आपल्या देशाच्या शासकीय यंत्रणेचा चालू अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि छापा. तो छापील कागद हाच तुमचा नकाशा. त्यावर पुढील गोष्टी स्वतःच्या हाताने लिहा:

- परवान्याच्या श्रेणी किती, आणि तुम्ही कोणत्या श्रेणीसाठी बसणार आहात.
- तांत्रिक भाग आणि नियमांचा भाग यांत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते का.
- चुकीच्या उत्तराला गुण कापतात का.
- मोर्स लागते का. लागत असल्यास वेग किती, आणि घेणे व पाठवणे दोन्ही की एकच.
- कॅल्क्युलेटर चालतो का, आणि कोणत्या प्रकारचा.

मोर्सबाबत जुनी माहिती अजून फिरत असते. २००३ सालच्या जागतिक रेडिओ परिषदेनंतर मोर्सची चाचणी घ्यायची की नाही हे प्रत्येक देशाने ठरवायचे आहे. त्यामुळे दुसऱ्या देशातल्या मित्राचा अनुभव इथे उपयोगाचा नाही.

तपासणी: अभ्यासक्रमातल्या प्रत्येक ओळीसमोर पुस्तकाचे पान लिहा. ज्या ओळीसमोर पान सापडत नाही, तो भाग पुस्तकात नाही. त्याची सोय आत्ताच करा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती होत नाही.

## टप्पा २: नियम पहिल्या दिवसापासून, रोज पंधरा मिनिटे

नियमांचा भाग सोपा वाटतो म्हणून मागे पडतो, आणि गुण नेमके तिथेच जातात. सलग बसून तो डोक्यात राहत नाही. रोज थोडा घेतला तर राहतो.

सुरुवात आंतरराष्ट्रीय व्याख्येपासून करा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीनुसार हौशी सेवा ही स्वयंशिक्षण, परस्पर संपर्क आणि तांत्रिक प्रयोग यांसाठी आहे. ती चालवणारी व्यक्ती रीतसर परवानगी असलेली, रेडिओ तंत्रात रस असलेली, केवळ वैयक्तिक हेतूने आणि आर्थिक लाभाशिवाय काम करणारी असते. हे वाक्य समजून पाठ करा, कारण अर्धे नियम त्यातूनच निघतात. पैसे घेऊन दुसऱ्याचा निरोप पाठवता येईल का? आर्थिक लाभ आला, म्हणून नाही. संगीत प्रसारित करता येईल का? तो परस्पर संपर्क नव्हे.

नियमावलीचा पंचविसावा अनुच्छेद हौशी सेवेचा आहे. त्यातल्या दोन गोष्टी पक्क्या करा: अर्थ लपवण्यासाठी संदेश सांकेतिक करता येत नाही, आणि प्रसारणात थोड्याथोड्या अंतराने कॉल साइन, म्हणजे केंद्राचे ठरवून दिलेले ओळखचिन्ह, सांगावी लागते. इथे एक गल्लत होते. मोर्स आणि क्यू-संकेत (क्यूने सुरू होणारी ठरलेली तीन अक्षरी लघुरूपे) हे ‘लपवलेले’ संदेश नाहीत, कारण त्यांचा अर्थ जाहीर आहे.

पुढचा विषय बँडचा, म्हणजे हौशी सेवेला दिलेल्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यांचा. त्यांची नावे मीटरमधल्या तरंगलांबीवरून पडली आहेत. जग तीन विभागांत वाटलेले आहे: पहिल्यात युरोप आणि आफ्रिका, दुसऱ्यात उत्तर व दक्षिण अमेरिका, तिसऱ्यात आशियाचा बराचसा भाग व ओशनिया. काही बँड तिन्ही विभागांत सारखे आहेत. २० मीटर सगळीकडे १४.००० ते १४.३५० मेगाहर्ट्‌झ आहे. काही तसे नाहीत. ४० मीटर पहिल्या व तिसऱ्या विभागात ७.००० ते ७.२०० पर्यंत, तर दुसऱ्यात ७.३०० पर्यंत जातो. २ मीटर पहिल्या विभागात १४४ ते १४६, इतरत्र १४४ ते १४८.

सावधान: परदेशी पुस्तकातला बँडचा तक्ता पाठ करू नका. त्यावर आपल्या देशाच्या मर्यादाही वेगळ्या असतात. तक्ता आपल्या नियमांवरून स्वतः काढा: बँड, खालची सीमा, वरची सीमा, परवानगी असलेले उत्सर्जन प्रकार (सिग्नल पाठवण्याचे प्रकार), कमाल शक्ती.

उत्सर्जनाची तीन अक्षरी चिन्हे न घोकता फोडून शिका. पहिले अक्षर मॉड्युलेशनचा, म्हणजे वाहक लहरीवर माहिती चढवण्याचा, प्रकार सांगते, मधला आकडा सिग्नलचे स्वरूप, शेवटचे अक्षर माहितीचा प्रकार. ए१ए म्हणजे वाहक लहर चालू-बंद करून पाठवलेले, कानाने घ्यायचे मोर्स. जे३ई म्हणजे वाहक दाबलेले सिंगल साइडबँड (वाहकाच्या दोन बाजूंपैकी एकाच बाजूचा सिग्नल पाठवणारे) बोलणे. एफ३ई म्हणजे एफएम बोलणे. पर्यायांत एच३ई, आर३ई आणि जे३ई शेजारी ठेवले की उमेदवार अडखळतात. तिन्ही सिंगल साइडबँडच आहेत. फरक वाहक लहरीचा आहे: एच मध्ये ती पूर्ण, आर मध्ये कमी केलेली, जे मध्ये दाबलेली.

## टप्पा ३: एकके, मग सर्किट

पहिले चार दिवस फक्त एककांना द्या. किलो, मेगा, मिली, मायक्रो, नॅनो, पिको यांच्यात ये-जा करता आली पाहिजे, तीही कागदाशिवाय. ०.००१ मायक्रोफॅरड म्हणजे १ नॅनोफॅरड, म्हणजेच १००० पिकोफॅरड. ७१०० किलोहर्ट्‌झ म्हणजे ७.१ मेगाहर्ट्‌झ. गणितात चुकणाऱ्यांचे सूत्र सहसा बरोबर असते, शून्ये चुकलेली असतात.

ओमच्या नियमात एक सोय लक्षात ठेवा: व्होल्टला मिलिअँपिअरने भागले की उत्तर थेट किलोओममध्ये येते. १२ व्होल्ट आणि ४ मिलिअँपिअर म्हणजे ३ किलोओम. शक्ती ४८ मिलिवॉट.

समांतर जोडणीत रेझिस्टन्स सर्वात लहान रेझिस्टरपेक्षाही कमी येतो. १०० ओमचे दोन समांतर म्हणजे ५०. कपॅसिटरचे उलटे आहे: १०० पिकोफॅरडचे दोन एकापुढे एक जोडले तर ५०, समांतर जोडले तर २००.

एसीमध्ये आरएमएस (तेवढीच शक्ती देणाऱ्या डीसीइतके व्होल्टेज), शिखर आणि शिखर-ते-शिखर हे तीन आकडे वेगळे आहेत. १० व्होल्ट आरएमएसचे शिखर १४.१ आणि शिखर-ते-शिखर २८.३. हे रेडिओच्या भाषेत असे घ्या: ५० ओमच्या डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावलेल्या रेझिस्टरवर) १०० वॉट जात असतील तर त्यावर ७०.७ व्होल्ट आरएमएस आणि १०० व्होल्ट शिखर असते. हे एक उदाहरण सोडवता आले की शक्ती, व्होल्टेज, रेझिस्टन्स आणि आरएमएस हे चारही धागे एकत्र येतात.

मग रिअॅक्टन्स, म्हणजे कॉइल किंवा कपॅसिटरचा एसीला होणारा अडथळा. कॉइलचा रिअॅक्टन्स फ्रिक्वेन्सीबरोबर वाढतो, कपॅसिटरचा घटतो. ७ मेगाहर्ट्‌झला १० मायक्रोहेन्रीच्या कॉइलचा सुमारे ४४० ओम, १०० पिकोफॅरडच्या कपॅसिटरचा सुमारे २२७ ओम. जिथे दोन्ही समान होतात ती रेझोनन्सची फ्रिक्वेन्सी. नेहमीचे सूत्र पिकोफॅरडमध्ये वापरताना शून्यांचा गोंधळ होतो, म्हणून ते असे लिहून ठेवा: १५९ ला, मायक्रोहेन्री गुणिले पिकोफॅरड यांच्या वर्गमुळाने भागा, उत्तर मेगाहर्ट्‌झमध्ये. १० मायक्रोहेन्री आणि ५० पिकोफॅरड घ्या. गुणाकार ५००, वर्गमूळ २२.४, उत्तर ७.१ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे ४० मीटरच्या बँडात.

वर्गमुळामुळे होणारी चूक हमखास विचारली जाते. कपॅसिटर चौपट केला तर फ्रिक्वेन्सी पाव होत नाही, निम्मी होते.

मालिका रेझोनन्सला इम्पीडन्स (रेझिस्टन्स आणि रिअॅक्टन्स मिळून होणारा एकूण अडथळा) सर्वात कमी, समांतर रेझोनन्सला सर्वात जास्त. मालिका सर्किट त्या फ्रिक्वेन्सीला वाट मोकळी करते, समांतर सर्किट अडवते. हे चित्र डोक्यात असले की गाळण्या, म्हणजे फिल्टर, वेगळ्या शिकाव्या लागत नाहीत.

तपासणी: पुढे जाण्यापूर्वी स्वतः आकडे बदलून दहा गणिते करा. कॅल्क्युलेटर हातात घेण्याआधी उत्तराचा अंदाज कागदावर लिहा. अंदाज आणि उत्तर यांत दहापटीचा फरक दिसला तर एकक चुकले आहे.

## टप्पा ४: डेसिबेल, दोनच आकड्यांवर

डेसिबेल हे दोन शक्तींचे प्रमाण सांगणारे माप. ३ डेसिबेल म्हणजे शक्ती दुप्पट, १० डेसिबेल म्हणजे दहापट. एवढ्यावर परीक्षेतली बहुतेक उत्तरे तोंडी येतात. ६ म्हणजे चौपट, १३ म्हणजे वीसपट, ७ म्हणजे पाचपट, कारण १० मधून ३ वजा: दहापटीचे निम्मे.

ट्रान्समीटर ५० वॉट, केबलमध्ये ३ डेसिबेल घट, अँटेनाची डायपोलच्या (दोन हातांच्या साध्या तारेच्या अँटेनाच्या) तुलनेत वाढ ६ डेसिबेल. निव्वळ अधिक ३, म्हणून परिणामी विकिरित शक्ती १०० वॉट.

दोन जागी घसरतात. व्होल्टेजचे प्रमाण विचारले असेल तर दुप्पट म्हणजे ६ डेसिबेल, ३ नव्हे. आणि अँटेनाची वाढ डायपोलशी तुलना करून दिली आहे की सर्व दिशांना सारखे विकिरण करणाऱ्या काल्पनिक अँटेनाशी, हे पाहा, दोन्हींत २.१५ डेसिबेलचा फरक असतो.

## टप्पा ५: रिसीव्हर आणि ट्रान्समीटरची ठोकळा-आकृती

डायोड, ट्रान्झिस्टर, रेक्टिफायर हे भाग पुस्तकातून सरळ शिकता येतात. त्यांवर फार दिवस घालवू नका. वेळ द्यायचा तो सुपरहेटच्या, म्हणजे आलेला सिग्नल आधी एका ठरावीक मधल्या फ्रिक्वेन्सीवर आणणाऱ्या रिसीव्हरच्या, आकृतीला. ती बघून समजली असे वाटते, पण कोऱ्या कागदावर काढायला घेतली की कुठे काय तुटते ते कळते. अँटेनापासून स्पीकरपर्यंत प्रत्येक ठोकळा काढा आणि बाणावर तिथली फ्रिक्वेन्सी लिहा.

७१०० किलोहर्ट्‌झ ऐकायचे आहे, मधली फ्रिक्वेन्सी ४५५. स्थानिक ऑसिलेटर (रिसीव्हरमध्येच लहर निर्माण करणारा भाग) वरच्या बाजूला असेल तर तो ७५५५ वर. आता ८०१० किलोहर्ट्‌झचा सिग्नल आत शिरला तर ८०१० वजा ७५५५ म्हणजे पुन्हा ४५५. ही प्रतिमा फ्रिक्वेन्सी. ती मूळ फ्रिक्वेन्सीपासून मधल्या फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट अंतरावर असते, एकपट नव्हे. तिला मिक्सरच्या (दोन फ्रिक्वेन्सी मिसळून त्यांचा फरक काढणाऱ्या ठोकळ्याच्या) आधीच अडवावे लागते, कारण मिक्सरनंतर खरा सिग्नल आणि प्रतिमा एकाच फ्रिक्वेन्सीवर आलेले असतात. हे कारण समजले की ‘प्रतिमा कुठे थांबवतात?’ या प्रश्नाचे उत्तर पाठ करावे लागत नाही.

ट्रान्समीटरकडे वळताना बँडविड्थ पक्की करा. ३ किलोहर्ट्‌झपर्यंतचा आवाज एएममध्ये ६ किलोहर्ट्‌झ व्यापतो, सिंगल साइडबँडमध्ये सुमारे ३. एफएममध्ये ५ किलोहर्ट्‌झ विचलन (आवाजामुळे वाहकाची फ्रिक्वेन्सी जास्तीत जास्त जितकी सरकते ते अंतर) धरले तर ५ आणि ३ यांच्या बेरजेची दुप्पट, म्हणजे १६ किलोहर्ट्‌झ.

सावधान: डायलवर दिसणारी फ्रिक्वेन्सी बँडात आहे म्हणजे सिग्नल बँडात आहे असे नाही. वरच्या साइडबँडवर डायल १४.३५० ला ठेवला तर आवाज १४.३५३ पर्यंत, म्हणजे बँडाबाहेर जातो. खालच्या साइडबँडवर ७.००० ला ठेवला तर ६.९९७ पर्यंत उतरतो. परीक्षेत हा प्रश्न फसवतो, आणि परवाना मिळाल्यावर हीच चूक नियमभंग ठरते.

## टप्पा ६: अँटेना, केबल आणि लहरींचा प्रवास

तरंगलांबी मीटरमध्ये हवी तर ३०० ला मेगाहर्ट्‌झने भागा. अर्ध-तरंग डायपोलसाठी १५० ने नव्हे, सुमारे १४३ ने सुरुवात करा, कारण प्रत्यक्ष तार सैद्धांतिक लांबीपेक्षा जवळपास ५ टक्के आखूड लागते. ७.१ मेगाहर्ट्‌झसाठी सुमारे २०.१ मीटर. ही दोन टोकांमधली पूर्ण लांबी आहे. प्रत्येक हात १० मीटरचा. प्रश्नात पूर्ण लांबी विचारली आहे की एका हाताची, ते वाचा.

डायपोलच्या मध्यावर करंट सर्वाधिक, टोकांवर व्होल्टेज सर्वाधिक. त्यावरून दोन उत्तरे निघतात: मध्यभागी इम्पीडन्स कमी असतो (मोकळ्या अवकाशात सुमारे ७३ ओम), आणि टोके हाताला लागतील अशी ठेवायची नसतात.

एसडब्ल्यूआरचे (केबल आणि भार किती जुळतात हे सांगणाऱ्या प्रमाणाचे) साधे गणित: केबल ५० ओमची, भार १०० ओमचा, प्रमाण २. भार २५ ओमचा असला तरी प्रमाण २ च. मोठ्या आकड्याला लहानाने भागायचे. प्रमाण २ असताना सुमारे ११ टक्के शक्ती परत फिरते, ३ असताना २५ टक्के. ही रीत शुद्ध रेझिस्टन्सच्या भारालाच लागू आहे.

केबलमध्ये लहर हळू धावते. १४५ मेगाहर्ट्‌झला मोकळ्या अवकाशातली पाव-तरंगलांबी ५१.७ सेंटिमीटर आहे. ०.६६ वेगगुणकाच्या (लहरीचा वेग मोकळ्या अवकाशातल्या वेगाच्या ०.६६ पट असलेल्या) केबलचा पाव-तरंग तुकडा मात्र सुमारे ३४ सेंटिमीटरच भरतो. वेगगुणक दिलेला असून तो न वापरणे ही नेहमीची चूक.

लहरींच्या प्रवासात आयनांबराच्या (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागाच्या) थरांची नावे पाठ करण्यापेक्षा डी थराचे काम समजून घ्या. तो दिवसा असतो, कमी फ्रिक्वेन्सी शोषतो आणि सूर्यास्तानंतर नाहीसा होत जातो. म्हणून ८० मीटर दिवसा जवळपास, रात्री लांब पोचतो. लांब पल्ल्याचे परावर्तन मुख्यतः एफ थरातून होते. त्याला सूर्याची ऊर्जा लागते, म्हणून वरचे बँड बहुधा दिवसा उघडतात. जमिनीवरची लहर जिथे संपते आणि आकाशातून परतलेली लहर जिथे पहिल्यांदा टेकते, त्यामधला भाग मूक पट्टा. दोन्ही लहरी कागदावर काढून तो पट्टा रंगवा.

## टप्पा ७: ऐकणे आणि संपर्काची भाषा

पाचव्या आठवड्यापासून रोज दहा मिनिटे प्रत्यक्ष संपर्क ऐका. स्वतःचा रिसीव्हर नसेल तर इंटरनेटवरून ऐकता येणारे सार्वजनिक रिसीव्हर आहेत. नुसते ऐकण्यालाही आपल्याकडे परवानगी लागते का, हे आधी नियमांत पाहा.

सावधान: परवान्याआधी ‘फक्त चाचणी’ म्हणूनही ट्रान्समीटरची कळ दाबू नका. कमी शक्ती किंवा रिकामा बँड ही सबब चालत नाही.

ऐकताना वहीत वेळ, फ्रिक्वेन्सी, कॉल साइन आणि सिग्नलचा अहवाल लिहा. लॉग ठेवण्याचा नियम मग आपोआप अंगवळणी पडतो. अहवालात पहिला आकडा सुबोधतेचा, १ ते ५. दुसरा ताकदीचा, १ ते ९. तिसरा सुराचा, १ ते ९, आणि तो मोर्सलाच लागतो. म्हणून बोलण्याच्या संपर्काला ५९, मोर्सला ५९९. बोलण्याच्या संपर्काला तिसरा आकडा देणारा पर्याय चुकीचा.

क्यू-संकेत जोड्यांनी शिका, कारण चुका जोड्यांतच होतात. क्यूआरएम म्हणजे इतर केंद्रांचा व्यत्यय, क्यूआरएन म्हणजे वातावरणातली खरखर. क्यूआरओ शक्ती वाढवा, क्यूआरपी कमी करा. क्यूएसएल पोच, क्यूएसवाय फ्रिक्वेन्सी बदला. पुढे प्रश्नचिन्ह आले की त्याच संकेताचा प्रश्न होतो.

ध्वनिवर्णमाला जशी आहे तशीच वापरा: अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा, पुढे झुलूपर्यंत. ‘एम’साठी माइक, ‘के’साठी किलो; गावांची किंवा माणसांची नावे लावायची नाहीत. ‘क्यू’चा अधिकृत उच्चार ‘केबेक’ आहे. सरावासाठी रस्त्यातल्या वाहनांचे क्रमांक मोठ्याने म्हणा. आठवडाभरात अडखळणे थांबते.

## टप्पा ८: मोर्स लागत असेल तर

हा टप्पा क्रमाने आठवा असला तरी सुरुवात पहिल्याच आठवड्यात करा. रोज पंधरा मिनिटे, दोनदा. रविवारी दोन तास बसून ते भरून निघत नाही.

तक्ता पाहू नका. टिंब-रेघा मोजू नका. प्रत्येक अक्षर म्हणजे एक आवाज. पहिल्या दिवसापासून अक्षरे ठरलेल्या पूर्ण वेगाने ऐका आणि अक्षरांमधली मोकळी जागा मात्र लांब ठेवा. सुरुवात दोन अक्षरांनी, बहुधा के आणि एम. शंभरांतली नव्वद अक्षरे बरोबर लिहिता आली की तिसरे घ्या. हळू वेगाने शिकलेला माणूस टिंबे मोजायला लागतो, आणि वेग वाढला की मोजणी पुरत नाही. त्याची प्रगती तिथेच अडते.

पाठवताना मापे पाळा: टिंब एक, रेघ तीन, अक्षराच्या आतले अंतर एक, अक्षरांमधले तीन, शब्दांमधले सात. मिनिटाला १२ शब्दांच्या वेगाला एक टिंब १०० मिलिसेकंदांचे असते. नवशिक्याच्या हातात रेघा सहसा बऱ्या असतात, अंतरे आकसतात. स्वतःचे पाठवणे ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी ते उतरवून घ्या. तुम्हालाच ते लिहिता आले नाही, तर परीक्षकालाही येणार नाही.

घेताना एखादे अक्षर निसटले तर तिथे रेघ मारून पुढे जा. त्याचा विचार करत राहिलात तर पुढची तीन अक्षरे जातात.

## टप्पा ९: सराव पेपर, आता कुठे

प्रश्नसंच दहाव्या आठवड्यात उघडा. वेळ लावून पूर्ण पेपर सोडवा आणि प्रत्येक चुकीपुढे तिचे कारण लिहा: माहीत नव्हते, एकक चुकले, की प्रश्न नीट वाचला नाही. पहिल्या कारणासाठी पुस्तकाकडे जा. दुसऱ्यासाठी तिसऱ्या टप्प्यातली गणिते पुन्हा करा. तिसऱ्यासाठी प्रश्नातले ‘नाही’, ‘किमान’, ‘कमाल’, ‘वगळता’ हे शब्द अधोरेखित करायची सवय लावा.

सलग तीन वेगवेगळ्या पेपरांत, दोन्ही भागांत, उत्तीर्णतेच्या रेषेपेक्षा पंधरा टक्के वर गुण आले की तुम्ही तयार आहात. एकच पेपर पुन्हा सोडवून आलेले गुण धरू नका. तांत्रिक भागातले जास्तीचे गुण नियमांची तूट भरून काढतील असे गृहीत धरू नका. जिथे दोन भाग स्वतंत्र आहेत तिथे तसे होत नाही.

परीक्षेत आधी नियमांचे प्रश्न सोडवा, मग गणिते. प्रत्येक गणितात दिलेली एकके बाजूला उतरवा, अंदाज लिहा, मगच कॅल्क्युलेटर उचला. अर्जावरचे नाव आणि जन्मतारीख ओळखपत्राशी अक्षरशः जुळते का, हे अर्ज भरतानाच पाहा. परवाना त्याच नावाने निघतो.